सांगलीत बसून दूरच्या सर्व्हरवर काम: एडिटरची जुळणी कशी ठरवावी

विश्रामबागेत, कुपवाडात, मिरजेत घरी बसून पुण्या-मुंबईच्या नाहीतर परदेशातल्या कंपन्यांसाठी वेबसाइट बांधणारी बरीच मुलं-मुली आता भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, एडिटर कुठला टाकू?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. एडिटर, म्हणजे कोड लिहायचा प्रोग्राम, सगळ्यात शेवटी ठरवा. आधी आपली इंटरनेटची लाइन कशी आहे ते मोजा, मग कोड कुठे राहणार ते ठरवा. या दोन्हींची उत्तरं हातात आली की एडिटरचे पर्याय आपोआप दोन-तीनवर येतात.

पूर्ण लेखात एकच कसोटी वापरली आहे, ती आधीच सांगून टाकतो. तुम्ही दाबलेलं अक्षर पडद्यावर उमटायला इंटरनेटवरून फिरून यायला लागता कामा नये. आणि हजारो फाइलींना हात लावणारी कामं, म्हणजे प्रोजेक्टभर शोध, गिट (बदलांची नोंद ठेवणारं साधन), एनपीएम इन्स्टॉल (लागणारी पॅकेजं उतरवणं), बिल्ड (कोडमधून तयार साइट बनवणं), ही जिथे फाइली आहेत तिथेच झाली पाहिजेत. ज्या जुळणीत या दोन्ही गोष्टी साधतात ती चांगली, मग एडिटरचं नाव काहीही असो.

पायरी १: लाइन मोजा

"आमच्याकडे शंभर एमबीपीएसचं फायबर आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. तो आकडा व्हिडिओ बघायला आणि मोठी फाइल उतरवायला उपयोगी. एडिटरच्या कामात एक लहानसं पाकीट सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती वेळ घेतं, म्हणजे लेटन्सी किती, याला महत्त्व आहे.

टर्मिनल, म्हणजे आदेश टाइप करायची खिडकी, उघडून पिंग आणि पुढे सर्व्हरचा पत्ता टाका. विंडोजवर पिंग चार पाकिटं पाठवून थांबतो. त्याला हायफन-टी जोडलं की चालत राहतो. लिनक्स आणि मॅकवर तो आपणहून चालत राहतो. दहा मिनिटं चालू द्या आणि कंट्रोल-सीने थांबवा, खाली गोषवारा येतो. हे सकाळी करा, रात्री नऊच्या सुमाराला करा आणि एकदा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करा. एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरच्या सेवेच्या) मशीनकडून काहीच उत्तर आलं नाही तर घाबरू नका. तिथे सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे तिथल्या फायरवॉलमध्ये, आयसीएमपीला (पिंग ज्यावर चालतो त्या प्रोटोकॉलला) परवानगी दिल्याशिवाय पिंगला उत्तर मिळत नाही.

गोषवाऱ्यात तीन आकडे बघायचे: सरासरी, सर्वांत मोठा आकडा आणि हरवलेली पाकिटं. सरासरी ३० मिलिसेकंद, पण मधूनच ६०० अशी उडी दिसत असेल तर इंटरनेटवाल्याला फोन करण्याआधी स्वतःच्या राउटरला पिंग करून बघा. राउटरपर्यंतच आकडा उड्या मारत असेल तर दोष घरातल्या वायफायचा आहे. दोन भिंतींपलीकडे ठेवलेला राउटर आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सिग्नलने भरलेला २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा, बहुतेक वेळा कारण एवढंच असतं. पाच गिगाहर्ट्‌झवर या, किंवा सरळ लॅनची वायर ओढा. कामाच्या टेबलापर्यंत वायर असावी असा माझा आग्रहच आहे. त्या एका वायरने जितका फरक पडतो तितका महागडा प्लॅन घेऊनही पडत नाही.

अंतराचं गणितही एकदा समजून घ्या. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सांगली ते मुंबई पावणेचारशे किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन शुद्ध प्रवास जेमतेम ४ मिलिसेकंदांचा. अमेरिकेतलं व्हर्जिनिया सुमारे १३ हजार किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन किमान १३० मिलिसेकंद. तार सरळ रेषेत जात नाही, वाटेत राउटर लागतात, म्हणून प्रत्यक्षात दोनशेच्या पुढे जातं. कुठलाही प्लॅन घेतला तरी यातून सुटका नाही. म्हणून सर्व्हर निवडणं तुमच्या हातात असेल तर जवळचा घ्या. एडब्ल्यूएसचं मुंबई केंद्र २०१६ पासून आणि हैदराबादचं २०२२ पासून चालू आहे, डिजिटलओशनचं बंगळुरूला आहे, आणि मायक्रोसॉफ्ट अझूरचं 'सेंट्रल इंडिया' म्हणजे आपलं पुणं. नवीन सर्व्हर उघडताना आधीच निवडून ठेवलेलं केंद्र अमेरिकेतलं असू शकतं, ते बदलायला विसरू नका.

माझा ढोबळ हिशोब असा. ५० मिलिसेकंदांच्या आत असाल तर काहीही वापरा, सगळं चालतं. ५० ते १५० मध्ये सर्व्हरवरच्या टर्मिनलमध्ये टाइप करताना अक्षर मागे पडल्याचं जाणवायला लागतं. २०० च्या पुढे तिथे दिवसभर टाइप करणं म्हणजे डोक्याला ताप. तेव्हा एडिटरचा दर्शनी भाग स्वतःच्या मशीनवरच हवा.

पायरी २: कोड कुठे राहणार ते ठरवा

पहिला मार्ग सगळ्यात सोपा: कोड तुमच्या लॅपटॉपवर, गिटने ढकलायचा आणि सर्व्हरवर तो आपोआप चढतो. लॅपटॉपला आठ जीबी किंवा जास्त रॅम असेल आणि प्रोजेक्ट तुमच्या मशीनवर नीट उठत असेल तर हाच घ्या. केवळ सगळे करतात म्हणून दूरच्या सर्व्हरवर एडिटिंग करायला जाऊ नका. इथे लाइन गेली तरी काम चालू राहतं, आणि आपल्या भागात याची किंमत मोठी आहे.

दुसरा मार्ग: कोड सर्व्हरवरच, फक्त एडिटरची खिडकी तुमच्याकडे. ग्राहकाचा डेटा करारानुसार त्याच्या सर्व्हरबाहेर काढता येत नसेल, डेटाबेस प्रचंड असेल, टीममध्ये सगळ्यांना एकसारखं लिनक्स वातावरण लागत असेल, किंवा हातात चार जीबीचा जुना लॅपटॉप असेल, तर हा मार्ग. या लेखाचा पुढचा मोठा भाग याच्यासाठी आहे.

तिसरा मार्ग मधला: कोड दोन्हीकडे ठेवायचा आणि आरसिंक किंवा म्युटाजेनसारख्या साधनाने जुळवत राहायचा. आरसिंक फाइलीचा बदललेला भाग तेवढाच पाठवतो, त्यामुळे हळू लाइनवरही चालतो. दोनशे मिलिसेकंदांपलीकडच्या सर्व्हरसाठी मला हा फार आवडतो. फक्त नोड-मॉड्यूल्स (एनपीएमने उतरवलेल्या पॅकेजांचं फोल्डर) आणि बिल्डचं आउटपुट जुळणीतून वगळा, आणि एकच बाजू खरी माना. दोन्हीकडे हाताने बदल करायला लागलात की कुठली फाइल ताजी हे कळेनासं होतं.

एसएसएचएफएस वापरून सर्व्हरचं फोल्डर आपल्या मशीनवर जोडून घेणं वरवर छान वाटतं. एखाददुसरी फाइल बघायला ते ठीक आहे. पण गिट स्टेटस किंवा प्रोजेक्टभर शोध केला की प्रत्येक फाइलीसाठी सर्व्हरकडे फेरी मारावी लागते. दहा हजार फाइली आणि प्रत्येकीला ४० मिलिसेकंद धरले तर नुसत्या वाटेवर चारशे सेकंद गेले. आपल्या कसोटीचा दुसरा अर्धा भाग इथे मोडतो.

आणि एक पद्धत पूर्ण बंद करा: फाइलझिला किंवा विनएससीपी या फाइली चढवणाऱ्या प्रोग्रामने चालू साइटवरची फाइल उघडायची, बदलायची, सेव्ह करायची. वर्डप्रेसची कामं करणाऱ्या लहान ऑफिसांमध्ये ही सवय खोलवर आहे. फाइल चढत असताना लाइन गेली तर सर्व्हरवर अर्धीच फाइल राहते, पीएचपीला तिचा अर्थ लागत नाही आणि ग्राहकाच्या साइटवर पांढरं पान येतं. मागे काय होतं याची नोंद कुठेच नसते. त्याच सर्व्हरवर एक वेगळी चाचणीची साइट आणि गिट, एवढी व्यवस्था अर्ध्या दिवसात होते. ती करा, मग पुढचं वाचा.

पायरी ३: एसएसएच पक्कं करा

एडिटर कुठलाही असो, वाट एसएसएचचीच, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे आत जाण्याच्या पद्धतीची. म्हणून एडिटर टाकण्याआधी साध्या टर्मिनलमधून एसएसएच निर्वेध चालायला हवं. व्हीएस कोड जोडला जात नाही म्हणून मदत मागायला येणाऱ्यांचा घोटाळा बहुतेकदा इथेच असतो.

एसएसएच-कीजेनने ईडी२५५१९ प्रकारची किल्ली तयार करा आणि तिला पासफ्रेज द्या. पासफ्रेज पुन्हापुन्हा टाकावा लागू नये म्हणून एसएसएच-एजंट चालू ठेवा. किल्लीचा जाहीर भाग, ज्याच्या नावाच्या शेवटी डॉट-पब असतं, तेवढाच सर्व्हरवर न्यायचा. दुसरा, खासगी भाग व्हॉट्सॲपवर, ईमेलवर, गिटमध्ये कुठेही जाता कामा नये, वरिष्ठांनी मागितला तरी.

मग घरच्या फोल्डरातल्या डॉट-एसएसएचमध्ये कॉन्फिग नावाची फाइल करा आणि त्यात सर्व्हरला टोपणनाव द्या. होस्ट या ओळीत टोपणनाव, होस्टनेममध्ये खरा पत्ता, यूजरमध्ये तुमचं खातं, आयडेंटिटीफाइलमध्ये किल्लीची जागा. शेवटी एक ओळ आवर्जून घाला: सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०. घरगुती इंटरनेटमध्ये आणि मोबाइल डेटावर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, आणि मधलं यंत्र शांत पडलेल्या जोडण्या काही वेळाने विसरून जातं. चहा घेऊन आलात की टर्मिनल गोठलेलं, याचं कारण हेच. त्या ओळीमुळे दर साठ सेकंदांनी एक लहान पाकीट जातं आणि जोडणी जागी राहते. ग्राहकाच्या आतल्या सर्व्हरकडे दुसऱ्या एका सर्व्हरमधून जावं लागत असेल तर त्याच फाइलीत प्रॉक्सीजंप लिहा. या फाइलीतली नावं एडिटरलाही आपोआप दिसतात.

सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल तर पासवर्डने लॉगिन बंद करा. पण पहिली खिडकी उघडी ठेवून, दुसऱ्या खिडकीतून किल्लीने आत जाता येतंय याची खात्री झाल्यावरच.

पायरी ४: आता एडिटर

बहुतेकांसाठी माझी शिफारस व्हीएस कोड आणि त्याचं रिमोट-एसएसएच एक्स्टेन्शन (एडिटरला जोडायचा पूरक भाग). मायक्रोसॉफ्टने हे २०१९ मध्ये आणलं आणि ते आपल्या कसोटीला नेमकं उतरतं. एडिटरचे दोन तुकडे होतात. खिडकी, अक्षरं, कर्सर, रंग तुमच्या लॅपटॉपवर. फाइली, शोध, गिट, टर्मिनल, डीबगर सर्व्हरवर. तुम्ही 'क' दाबला की तो लगेच दिसतो, सर्व्हरला विचारावं लागत नाही. प्रोजेक्टभर शोध घेतला की शोध सर्व्हरवर चालतो आणि फक्त सापडलेल्या ओळी तुमच्याकडे येतात. फक्त आतलं टर्मिनल याला अपवाद: तिथलं अक्षर सर्व्हरवर जाऊनच परत येतं.

पहिल्यांदा जोडताना एडिटर सर्व्हरवर स्वतःचा एक भाग उतरवतो आणि घरच्या फोल्डरात डॉट-व्हीएसकोड-सर्व्हर नावाने ठेवतो. इथे दोन गोष्टी आधी तपासा. एक, सर्व्हरची रॅम: किमान १ जीबी लागते, पण २ जीबी आणि दोन कोर असावेत असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. मी तर २ जीबीच्या खाली जाऊ नका असं म्हणेन, कारण टाइपस्क्रिप्टची भाषासेवा (चुका दाखवणारा भाग), डेव्ह सर्व्हर (काम चालू असताना साइट दाखवणारा) आणि डेटाबेस एकत्र आले की १ जीबीत मशीन गुदमरतं. नाइलाज असेल तर स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करून घ्या. दोन, सर्व्हरचं वय: २०२५ पासूनच्या आवृत्त्यांना ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ किंवा नवी लागते. सेंटओएस ७ आणि उबुंटू १८.०४ त्यात बसत नाहीत. ग्राहकाचा सर्व्हर असा जुना निघाला तर एडिटरशी झगडत बसू नका; पायरी २ मधला तिसरा मार्ग धरा.

एक्स्टेन्शनचेही दोन गट पडतात. रंगसंगती, आयकॉन, कीबोर्डचे शॉर्टकट तुमच्याकडे राहतात. ईएसलिंट (कोड तपासणारं), प्रेटियर (कोड नीट मांडणारं), पीएचपी किंवा पायथनची साधनं सर्व्हरवर वेगळी टाकावी लागतात. 'घरी चालतं, सर्व्हरवर फॉरमॅट होत नाही' या तक्रारीचं मूळ इथे असतं. एक्स्टेन्शनच्या यादीत सर्व्हरच्या नावाचा वेगळा विभाग दिसतो, तिथे बघा. आणि मोजकीच टाका, प्रत्येक एक सर्व्हरची रॅम खातं.

मोठ्या प्रोजेक्टात फाइलींवर नजर ठेवण्याची मर्यादा संपल्याची सूचना येते. सेटिंगमध्ये फाइल-वॉचरमधून नोड-मॉड्यूल्स, व्हेंडर आणि बिल्डची फोल्डरं वगळा. तरीही आलीच तर सर्व्हरवर आयनोटिफायची (लिनक्सच्या याच नजर ठेवणाऱ्या सोयीची) मर्यादा ५,२४,२८८ पर्यंत वाढवता येते.

डेव्ह सर्व्हर बघण्यासाठी फायरवॉलमध्ये पोर्ट उघडू नका. व्हीट या बिल्डच्या साधनाचा ५१७३ असो की दुसरा कुठला ३०००, एडिटर तो पोर्ट ओळखून एसएसएचमधूनच तुमच्या लॅपटॉपवर आणतो. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट टाकलं की साइट दिसते, आणि बाहेरच्या कोणाला दिसत नाही.

एक सावधगिरी: ज्या सर्व्हरवर तुमचा विश्वास नाही त्याला हे एक्स्टेन्शन जोडू नका. सर्व्हर कुणाच्या ताब्यात गेलेला असेल तर त्या जोडणीतून तुमच्या लॅपटॉपवरही कोड चालवला जाऊ शकतो.

दुसरे पर्याय थोडक्यात. झेड या एडिटरमध्येही आता अशीच विभागणी आहे आणि तो हलका आहे; जुन्या लॅपटॉपवर करून बघण्यासारखा, पण तुमच्या भाषेची एक्स्टेन्शनं आहेत का ते आधी बघा. जेटब्रेन्सचा गेटवे सर्व्हरवर पूर्ण आयडीई (सगळी साधनं एकत्र असलेला मोठा एडिटर) चालवतो. पीएचपीस्टॉर्मची सवय असेल आणि सर्व्हर दणकट असेल तरच. गिटहब कोडस्पेसेसमध्ये वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोर-तास फुकट मिळतात, म्हणजे दोन कोरच्या मशीनवर ६० तास. शिकणाऱ्यांना पुरेसे, रोजच्या नोकरीला अपुरे. तीस मिनिटं हात लावला नाही की मशीन आपोआप थांबतं; तरी काम झालं की स्वतः थांबवा, तास वाचतात.

राहिले विम आणि निओविम, टर्मिनलमध्येच चालणारे एडिटर. सर्व्हरवरच चालतात, रॅम नगण्य लागते, आणि बहुतेक लिनक्स सर्व्हरवर विमचं एखादं रूप सापडतं. मुंबईच्या सर्व्हरवर काम करणाऱ्याला यात काही कमी पडत नाही. दूरच्या सर्व्हरवर मात्र प्रत्येक अक्षर फिरून येतं, कसोटीचा पहिला भाग मोडतो. तरीही फाइल उघडणं, शोधणं, बदलणं आणि सेव्ह करून बाहेर पडणं एवढं विम प्रत्येकाला यायलाच हवं. रात्री साइट पडली आणि हातात फक्त मोबाइल असला तर तेवढंच कामाला येतं.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सहकारी पतसंस्था, बाजार समिती, शाळा यांच्या साइटवर पानंच्या पानं देवनागरी असते. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकोन देतं, त्यामुळे विममध्ये 'क्षेत्रफळ' लिहिलं की मात्रा सुटी होते, जोडाक्षर फुटतं आणि कर्सर एका जागी दिसतो पण खोडतो दुसरंच. व्हीएस कोडसारख्या खिडकीच्या एडिटरमध्ये हा त्रास नाही. तिथे वेगळी गंमत होते: 'दुसऱ्या', 'कैऱ्या' यांतला अर्धा र काही कीबोर्ड झीरो-विड्थ-जॉइनर हे न दिसणारं चिन्ह घालून लिहितात, आणि अदृश्य चिन्ह आहे म्हणून एडिटर त्याभोवती चौकट दाखवू शकतो. ते चिन्ह खोडू नका, शब्द बिघडेल. युनिकोड-हायलाइटच्या सेटिंगमध्ये त्या चिन्हाला परवानगी देऊन टाका. सर्व्हरचं लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ आहे ना, हेही त्याच वेळी बघा.

पायरी ५: लाइट आणि लाइन जाते तेव्हा

वळवाचा पाऊस आला की लाइट जाणार हे धरूनच जुळणी करा. लॅपटॉपची बॅटरी असते, पण राउटर बंद पडतो आणि काम थांबतं. घराला इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस घ्या; घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. फायबरच्या वाटेवरच्या, एक तार अनेक घरांत वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही, म्हणून तुमच्या टोकाला आणि ऑपरेटरच्या टोकाला वीज असली की गल्लीत अंधार असूनही इंटरनेट चालतं. घरात फायबरची डबी आणि वायफाय राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना आधार द्या.

सर्व्हरवर लांब चालणारं काही, मायग्रेशन, बिल्ड, डेटाबेसचा डंप, नेहमी टीमक्सच्या (सर्व्हरवर टर्मिनल जिवंत ठेवणाऱ्या साधनाच्या) आत सुरू करा. मग जोडणी तुटली तरी काम सर्व्हरवर चालू राहतं. कंट्रोल-बी दाबून मग डी दाबलं की तुम्ही बाहेर, काम आत चालूच. परत येऊन टीमक्स अटॅच केलं की जिथे सोडलं तिथेच. डेटाबेसचं मायग्रेशन अर्ध्यावर तुटलं तर निस्तरायला रात्र जाते, म्हणून यात सूट नाही.

वायफायवरून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेलात की तुमचा पत्ता बदलतो आणि एसएसएच तुटतं. मॉश (टर्मिनलसाठी एसएसएचऐवजी वापरायचं साधन) तुटत नाही. तो लॉगिनपुरतं एसएसएच वापरतो आणि पुढे यूडीपीवर चालतो, त्यासाठी सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये ६०००० ते ६१००० मधले काही पोर्ट उघडावे लागतात. अक्षराचा अंदाज बांधून ते आधीच दाखवतो, त्यामुळे अमेरिकेतल्या सर्व्हरवरचं टर्मिनलही सुसह्य होतं. दूरच्या सर्व्हरवर विम वापरायचाच असेल तर मॉश आणि टीमक्स ही जोडी घ्या.

एडिटरमध्ये ऑटोसेव्ह चालू ठेवा, पण चाचणीच्या साइटवरच. चालू साइटच्या फोल्डरवर ऑटोसेव्ह म्हणजे अर्धवट लिहिलेली ओळ थेट लोकांसमोर.

पायरी ६: मुद्दाम तोडून बघा

ग्राहकाचं काम सुरू करण्याआधी या जुळणीची परीक्षा घ्या. सर्व्हरवर टीमक्समध्ये काहीतरी चालू करा, एडिटरमध्ये चार ओळी सेव्ह न करता लिहा आणि राउटरचा प्लग काढा. हॉटस्पॉटवर जा. एडिटर पुन्हा जोडला जातो का, त्या चार ओळी आहेत का, टीमक्समधलं काम चालू आहे का, हे बघा. तिन्ही 'हो' आले पाहिजेत. एखादा 'नाही' आला तर आज दुपारी निस्तरा, डेडलाइनच्या रात्री त्यासाठी वेळ नसतो.

दुसरी परीक्षा लॅपटॉपच नसण्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा नदी ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैतही शहरात पाणी आलं. नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी तरी हे गृहीत धरूनच काम मांडावं. कोड रोज संध्याकाळी गिटमध्ये ढकला, अर्धवट असला तर वेगळ्या शाखेवर. एडिटरची सेटिंग सिंक चालू करा, टीमक्स आणि विमच्या सेटिंगच्या फाइली एका खासगी गिट रेपोत ठेवा. मग भावाचा, मैत्रिणीचा किंवा ऑफिसचा लॅपटॉप घेऊन बसा आणि कोऱ्या मशीनवरून काम सुरू करायला किती वेळ लागतो ते मोजा. तासाभरात जमलं पाहिजे.

या परीक्षेत जुनी एसएसएच किल्ली नव्या मशीनवर उचलून आणू नका. प्रत्येक मशीनची किल्ली वेगळी करा आणि तिच्या शेवटी मशीनचं नाव लिहा. सर्व्हरच्या डॅशबोर्डवरून आत शिरण्याची सोय आहे ना, हेही बघून ठेवा, कारण एकमेव किल्ली असलेला लॅपटॉप गेला तर नवी किल्ली चढवायला तीच वाट उरते. काम संपलं की उसन्या मशीनवरची किल्ली पुसा आणि सर्व्हरवरच्या ऑथराइझ्ड-कीज फाइलीतून तिची ओळही काढा.